पंप बंद, मिळकत सुरू
(गणेशोत्सवात दिलेले भाषण)



आपल्या सभागृहाच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत का, ही चर्चा दर गणपतीत रंगते आणि विसर्जनाबरोबर बुडते. म्हणून आज आपल्या बडोद्याच्या शेजारच्या खेडा जिल्ह्यातील एका गावाची हकीकत सांगतो. गावाचे नाव ढुंडी. ऐकताच ढुंढिराज आठवतो!

तिथे डिझेल पंपावर शेती भिजवणारे सहा शेतकरी २०१६ मध्ये एकत्र आले. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने त्यांनी सौर पंप बसवले आणि सहकारी मंडळी स्थापन केली. सर्वांची मिळून क्षमता जेमतेम ५६ किलोवॅट.

खरी मेख पुढेच आहे. ऊन फुकट म्हणून दिवसभर पाणी उपसले, तर जमिनीखालचे पाणी आटणार. त्यावर तोड निघाली. उरलेली वीज युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने घेण्याचा २५ वर्षांचा करार मध्य गुजरात वीज कंपनीने केला. शेतकऱ्यांनी बदल्यात सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला. आता पंप बंद असला की पैसे मिळतात, पाणीही वाचते. वीज हेच एक पीक झाले. त्याला ना खत, ना फवारणी.

पुढे २०१८ मध्ये शेतकऱ्यांकडून अशी वीज घेणारी सूर्यशक्ती किसान योजना राज्याने आणली.

सहा जणांना जमले, ते एवढ्या मोठ्या मंडळाला का जमू नये? विसर्जनाआधी निदान वर्षभराची वीजबिले काढून हिशेब मांडू या.

गणपती बाप्पा मोरया!