लसीचा हमीभाव

घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं लसीचं कार्ड काढून बघा. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन ठिकाणी 'पीसीव्ही' लिहिलेलं दिसेल. न्यूमोकोकस नावाच्या जंतूमुळं होणारा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर यांपासून ही लस बाळाला जपते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. ती आपल्यापर्यंत पोचायला देणगीच्या पैशानं एक वेगळंच काम केलं. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं धान्याचं पोतं येतं, चादरी येतात, औषधाची पेटी येते. पण जगात काही देणगीदार संस्था पैशाचा काही भाग निराळ्याच कामाला लावतात. श्रीमंत देशांची सरकारं गरीब देशांना मदत देतात ना, ती कोणत्या नियमानं दिली तर जास्त उपयोगी पडेल, याच्या अभ्यासाला त्या पैसा देतात. आमच्या गटात हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, "भुकेल्याला भाकरी द्यायची सोडून कागद कशाला रंगवायचे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून या लसीचंच उदाहरण घेऊ.

अमेरिकेत ही लस २००० साली आली. पण ती महाग होती, आणि गरीब देशांत आढळणारे जंतूचे सगळे प्रकार तिच्यात धरलेले नव्हते. त्या देशांसाठी वेगळी लस करायची, कारखाना वाढवायचा, तर कंपन्यांना खात्री नव्हती. माल तयार केला आणि कुणी घेतलाच नाही तर? इकडं मदत देणाऱ्या सरकारांचा पैसा वर्षावर्षाच्या हिशेबानं यायचा. पुढच्या पाच-दहा वर्षांचा शब्द द्यायची रीत नव्हती. म्हणजे विहिरीत पाणी होतं, पण पोहरा पोचत नव्हता.

वॉशिंग्टनमध्ये 'सेंटर फॉर ग्लोबल डेव्हलपमेंट' नावाची अभ्याससंस्था आहे. ती २००१ साली सुरू झाली. गेट्स फाउंडेशनच्या अनुदानातून तिनं एक अभ्यासगट बसवला. अर्थशास्त्र, कायदा आणि लसी यांतली जाणकार माणसं त्यात होती. पुढं २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर ज्यांना नोबेल मिळालं, ते मायकेल क्रेमर त्या गटाचे एक प्रमुख होते. २००५ साली गटानं अहवाल दिला.

अहवालातली गोष्ट आपल्याला लगेच कळेल, कारण ती हमीभावाची आहे. पेरणीआधी तुरीचा भाव जाहीर झाला की शेतकऱ्याला धीर येतो. तसंच लसीचं करा, असं त्यांनी सुचवलं. मदत देणाऱ्या देशांनी आधीच करार करावा, की लस कसाला उतरली आणि गरीब देशांनी ती मागितली, तर आम्ही ठरल्या भावानं पैसे देऊ. नाही उतरली तर पैसा नाही. आणि हमीभाव नुसता जाहीर होऊन भागत नाही, खरेदी केंद्रही उघडावं लागतं, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. म्हणून हा शब्द तोंडी न ठेवता कायद्यानं बांधून घेतला.

२००७ साली रोममध्ये पाच देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून १५० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. इटलीचे साडेत्रेसष्ट कोटी, ब्रिटनचे साडेअठ्ठेचाळीस कोटी, कॅनडाचे २० कोटी, रशियाचे ८ कोटी, नॉर्वेचे ५ कोटी आणि फाउंडेशनचे ५ कोटी. म्हणजे तीस रुपयांतला एक रुपया देणगीदाराचा, बाकी एकोणतीस सरकारांचे. अभ्यासाला घातलेल्या पैशानं काय साधलं, ते या हिशेबात दिसतं.

सुरुवातीच्या काही डोसांना जास्त पैसे आणि नंतर एका डोसाला साडेतीन डॉलरपेक्षा जास्त नाही, असा भाव ठरला. २०१० च्या अखेरीस निकाराग्वा देशात या करारातली लस पहिल्यांदा टोचली गेली. भारतात २०१७ साली हिमाचल प्रदेशातून सुरुवात झाली आणि २०२१ मध्ये ती देशभर पोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं अशीच लस तयार केली, तिला २०१९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तिचा भाव तेव्हा डोसाला सुमारे दोन डॉलर होता, म्हणजे ठरलेल्या कमाल भावाच्याही बराच खाली.

आता नाण्याची दुसरी बाजू. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेनं या व्यवहारावर कडक टीका केली. पैशाचा मोठा वाटा दोन बड्या कंपन्यांकडंच गेला आणि भाव तरीही जास्तच राहिला, असं तिचं म्हणणं होतं. एका बाळाचे तिन्ही डोस पाच डॉलरात द्या, अशी मागणी तिनं केली. आम्हाला आणखी एक गोष्ट खटकते. सरकार चुकलं तर आपण मत देऊन ते बदलू शकतो. देणगीदाराला आपण निवडलेलं नसतं. अभ्यासाला पैसा त्याचा, करारात वाटा त्याचा. मग भाव ठरवताना ज्या आयांची बाळं आहेत, त्यांच्या वतीनं कोण बोलणार?

म्हणून अशा संस्थांत अनुदान वाटायचं काम करणाऱ्यांवर मोठी जबाबदारी असते. कोणता नियम बदलायचा, तो कोणाच्या हातात आहे, त्याची झळ कोणाला बसते, हे त्यांना आधी शोधावं लागतं. पोती मोजता येतात. नियम बदलायला मात्र वर्षं जातात, आणि काही वेळा सगळी मेहनत पाण्यात जाते. तरी ते काम हवंच. फक्त त्यात घेणाऱ्याचा आवाज सुरुवातीपासून हवा.

मैत्रिणींनो, हाच हिशेब आपल्या गावालाही लागू पडतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला व बालकल्याणासाठी असतो. तो कशावर खर्च झाला, हे विचारायला अर्ज, झेरॉक्स आणि गाडीभाडं एवढाच खर्च येतो. गटाच्या बचतीतून तेवढे पैसे काढून ठेवायला हरकत नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथं तीन प्रश्न मांडा: पैसा किती आला, तो कुठं लावायचा हे कोणी ठरवलं, आणि ठरवताना आपल्याला विचारलं होतं का? उत्तर मिळेल ते सभेच्या वहीत लिहून घ्यायला सांगा, आणि सही करण्याआधी वाचून बघा.