हातोहात



आयोजकांनी यंदा भलतीच अट घातली. कुणी स्वतःची कविता वाचायची नाही. आवडत्या एका संग्रहाविषयी बोलायचं आणि पुढं काय वाचणार तेवढं सांगायचं. कवीला बोलावून स्वतःची कविता वाचू न देणं म्हणजे पाहुण्याला पंगतीत बसवून पान न वाढणं. तरी सकाळपासून एकवीस जण बोलले आणि एकालाही घंटी वाजवून खाली बसवावं लागलं नाही.

मी नोंदी घेत होतो. 'विशाखा' पाच वेळा आली, 'गोलपिठा' चार वेळा, ग्रेसांच्या 'संध्याकाळच्या कविता' तीन वेळा. १९४२, १९७२, १९६७. या संग्रहांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण २००० नंतरचा संग्रह फक्त दोघांनी निवडला. आपण एकमेकांच्या प्रकाशनाला जातो, फोटोत उभे राहतो, 'सस्नेह भेट' लिहिलेली प्रत घरी आणतो आणि ती कपाटात जाते. माझ्याही कपाटात अशा प्रती आहेत. त्या कुणाच्या, ते इथं सांगत नाही. काही जण समोरच बसले आहेत.

वास्तविक मराठी कविता आपल्यापर्यंत आली ती हातोहात. केशवसुत १९०५ साली गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. त्यांच्या कविता पुस्तकरूपात आणल्या त्या हरिभाऊ आपट्यांनी, म्हणजे एका कादंबरीकारानं. 'विशाखा' खांडेकरांनी पदरचे पैसे घालून काढली. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या ओव्या म्हणायच्या आणि घरातली मुलं उतरवून घ्यायची. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आली. वही दाखवायला सोपानदेव लाजले असते तर? आईची गाणी काय मिरवायची, असं वाटण्याचाच तो काळ होता.

एखाद्या संग्रहाबद्दल दुसऱ्याला 'हे वाच' म्हणून सांगणं, हे मला कविता लिहिण्याइतकंच आपलं काम वाटतं. आणि सांगायचं ते संग्रहाबद्दल, सुट्या कवितेबद्दल नव्हे. मोबाइलवर सकाळी सुप्रभातासोबत येते ती कविता वाईट नसते, पण एकटी असते. मर्ढेकरांचा 'शिशिरागम' १९३९चा, 'काही कविता' १९४७चा. दोन्ही लागोपाठ वाचा. आठ वर्षांत एक माणूस स्वतःचीच गोड भाषा कशी मोडून टाकतो, ते सुट्या कवितेत दिसणार नाही.

आज मी सोबत आणलाय तो इंदिरा संतांचा 'गर्भरेशीम'. १९८४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला हा संग्रह आमच्या गावच्या ग्रंथालयाचा आहे. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलीय. तिच्यावर गेल्या अकरा वर्षांत चार शिक्के पडलेत, त्यातले दोन माझे. तिसरा कुणाचा ते ग्रंथपालबाईंना आठवत नाही. चौथ्या वाचकानं मात्र एका कवितेशेजारी पेन्सिलीनं अगदी बारीक उभी रेघ ओढलीय, पुसट, जणू चोरून ओढल्यासारखी. ती कविता मी दोनदा वाचूनही ओलांडून गेलो होतो. तिसऱ्यांदा त्या रेघेपाशी थांबलो. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघा मारू नयेत हे मला मान्य आहे, तरी त्या माणसाचे मी आभार मानतो.

आता पुढच्या वाचनाचं. तुमच्यातल्या सहा जणांनी 'ज्ञानेश्वरी पुन्हा वाचायचीय' असं सांगितलं. 'पुन्हा' या शब्दावर माझा विश्वास बसला नाही, क्षमा करा. माझी गोष्टही वेगळी नाही. कोलटकरांची 'भिजकी वही' २००३ला आली. त्याच वर्षी मी ती घेतली आणि आजवर तीनदा अर्ध्यात सोडली. हायपेशिया, कॅसांड्रा, लैला, अशा देशोदेशींच्या रडणाऱ्या बायका त्या वहीत आहेत, आणि दर वेळी माझं अज्ञान आडवं आलं. अलेक्झांड्रियात काय घडलं ते ठाऊक नसेल तर हायपेशियाच्या दाराशीच माणूस अडखळतो. त्याच वहीत नादेझ्दा आहे. तिचा नवरा, रशियन कवी ओसिप मांदेलश्ताम, १९३८ साली कैद्यांच्या छावणीत मेला. कागद सापडले असते तर जीवावर बेतलं असतं, म्हणून तिनं त्याच्या कविता वर्षानुवर्षं पाठ म्हणून जपल्या. हे कळल्यापासून मला ती वही बहिणाबाईंच्या वहीशेजारी ठेवावीशी वाटते. यंदाच्या पावसाळ्यात ती पुरी करणार.

तिच्यासोबत तुकोबांची गाथा, रोज दहा अभंग. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, म्हणजे सव्वा वर्ष लागेल. माझं वय पाहता हा बेत जरा धाडसाचाच आहे.

मागच्या टेबलावर एक वही ठेवलीय. आज ज्या संग्रहांची नावं निघाली ती तिच्यात लिहा, आणि शेजारी कुणाकडे प्रत आहे तेही लिहा. 'गर्भरेशीम' मला सोमवारी परत करायचाय. कुणाला हवा असेल तर मंगळवारपासून ग्रंथालयात मिळेल, वरून तिसऱ्या फळीवर. रेघ कुठल्या पानावर आहे ते सांगणार नाही.