तीस दिवसांची डेडलाइन

ऑफिसात आम्हाला रोज कुणीतरी विचारतं, "हे कधी होईल?" आणि आम्ही म्हणतो, "लवकरच." तारीख द्यायची भीती वाटते. तारीख दिली की आपण सापडतो ना! आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांनी अख्ख्या देशासमोर तारीख दिली होती.

पिएर मेंदेस फ्रान्स. हो, आडनावातच फ्रान्स! १९३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी खासदार. महायुद्धात विशी सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. १९४१ मध्ये ते तिथून निसटले, लंडन गाठलं आणि द गॉल यांच्या बाजूने विमानदळात लढले.

आता थेट मे १९५४. व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूला फ्रेंच सैन्य हरलं. युद्ध सात वर्षं चाललेलं, पण थांबवायचं कुणी? १७ जूनला मेंदेस फ्रान्स संसदेत उभे राहिले. म्हणाले, २० जुलैपर्यंत युद्धबंदी झाली नाही, तर राजीनामा देतो. संसदेने त्यांना पंतप्रधान केलं. परराष्ट्र खातंही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं आणि जिनिव्हाला जाऊन बसले. करार झाला. गंमत म्हणजे कागदावर तारीख २० जुलैची, पण सह्या मध्यरात्र उलटल्यावर! आमच्या रिलीजसारखंच.

आणि शनिवारी ते रेडिओवरून लोकांशी साध्या भाषेत बोलायचे. म्हणजे एका अर्थी पॉडकास्टच की!

आपल्याशीही त्यांचा संबंध आहे. १ नोव्हेंबर १९५४ रोजी पुदुच्चेरी, कारैकल, माहे आणि यानमचा कारभार भारताकडे आला, तो त्यांच्याच काळात. पण नेमक्या त्याच दिवशी अल्जीरियात उठाव सुरू झाला. आणि इथे हाच माणूस अडला. अल्जीरिया म्हणजे फ्रान्सच, असं म्हणून त्यांनी सैन्य पाठवलं. ते युद्ध १९६२ पर्यंत चाललं. त्यांचं सरकार मात्र उत्तर आफ्रिकेच्याच प्रश्नावरून ५ फेब्रुवारी १९५५ ला पडलं. जेमतेम साडेसात महिने!

मला ही गोष्ट म्हणूनच आवडते. एका युद्धाला त्यांनी तारीख दिली आणि ते थांबवलं. दुसऱ्याला दिली नाही. आपणही सोप्या कामांना तारीख देतो आणि खरं अवघड काम "लवकरच"मध्ये ढकलतो. तुमचं असं कुठलं काम आहे? कमेंटमध्ये सांगा, तारखेसकट. भेटू पुढच्या भागात!