नवे यंत्र की जुने? : सुगीचा एक हिशेब
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



शेतीच्या यंत्रावर या व्यासपीठावरून काय बोलायचे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु १९१८ साली परमपूज्य बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर लावलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, अशी त्यांची मांडणी होती. आपल्यापैकी बहुतेकांकडे दोन-चार एकर जमीन आहे. म्हणूनच अवजाराचा निर्णय आपल्यासाठी लहान नाही.

आम्ही अकरा कुटुंबे मिळून सोयाबीनसाठी मळणी यंत्र, म्हणजे आपला हडंबा, घ्यायला निघालो, तेव्हा गटात दोन तट पडले. एक म्हणे, कर्ज नको, जुना घ्या. दुसरा म्हणे, घ्यायचा तर नवाच. वाद पुष्कळ झाला, हिशेब मात्र कोणीच मांडला नाही. तो आज आपल्यापुढे मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपण आपल्या बाजारभावाने बदलून घ्यावेत.

समजा, नवा हडंबा ३,००,००० रुपयांना मिळतो, १० वर्षे चालतो आणि शेवटी ३०,००० ला विकला जातो. म्हणजे वर्षाची झीज २७,००० रुपये. जुना १,२०,००० ला मिळतो, ४ वर्षे चालतो आणि २०,००० ला जातो. त्याची वर्षाची झीज २५,००० रुपये. पाहा, किमतीत १,८०,००० चे अंतर, पण झिजेत फक्त २,००० चे! आता अडकलेल्या सरासरी रकमेवर १० टक्के व्याज धरा. नव्यावर १६,५००, जुन्यावर ७,०००. एकूण नवा ४३,५०० आणि जुना ३२,०००. म्हणजे जुन्यात वर्षाला ११,५०० रुपये वाचतात. यापलीकडे काही नाही.

हे ११,५०० खरोखर हाती राहतात का? सोयाबीनची मळणी साधारण १५ ते २० दिवसांची. खर्च वजा जाता दिवसाला ६,००० रुपये मिळत असतील, तर यंत्र दोन दिवस बंद पडताच सगळी बचत संपते. दुरुस्तीचा खर्च वेगळाच. आणि परतीचा पाऊस आला तर शेतातली सुडी भिजते, ती कोणत्या खात्यात लिहायची?

याचा अर्थ जुने यंत्र घेऊच नये, असा नाही. गावात चांगला मिस्त्री आहे, सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि काम थोड्याच दिवसांचे आहे, तर चांगले पाहून घेतलेले जुने यंत्र शहाणपणाचे ठरते. काम फक्त दहा-बारा एकरांचेच असेल तर काहीच विकत घेऊ नये. भाड्याने मळणी करून घ्यावी.

पण पाहून घ्यावे म्हणजे कसे? तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. हाच नियम इथे लावावा. यंत्र रिकामे फिरवून दाखवतील, त्यावर समाधान मानू नये. पीक घालून निदान तासभर चालवावे. बेअरिंगचा आवाज ऐकावा, ड्रमचे दाते आणि चाळणी पाहावी, वेल्डिंगचे जोड तपासावेत, खरेदीची पावती मागावी. सोयाबीनच्या दाण्याचे कवच फार पातळ असते. १३-१४ टक्के ओलावा असताना ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवावे लागतात. कोणी पुली बदलून वेग वाढवला असेल तर दाणा फुटतो आणि घरचे बियाणे उगवत नाही. मळलेले १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावेत. निदान ७० उगवले पाहिजेत.

आता आमची चूक सांगतो. आम्ही जुना हडंबा घेतला. पेंढी लावण्याच्या नाळीवरचे झाकण निघालेले होते. ते आम्ही पाहिले होते, तपासणीच्या कागदावर लिहिलेही होते, पुढे शेरा मारला, "नंतर बसवू." तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला, पाऊस येईल म्हणून घाई चालली असता, आमच्या एका तरुण सभासदाची दोन बोटे गेली. भारतीय मानकानुसार ही नाळ निदान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर झाकलेली असावी लागते. मळणी यंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदाही आहे. ते झाकण गावच्या वेल्डरने एका सकाळीत बसवून दिले, पण अपघातानंतर. ही गोष्ट आम्ही कोणावर ढकलत नाही. शेरा आमच्याच अक्षरात आहे.

तेव्हापासून गटाचा ठराव आहे : झाकण नाही तर मळणी नाही, सैल बाह्या, लोंबता पदर, अपुरा उजेड असताना कोणी यंत्राजवळ जायचे नाही.

आणखी एक गोष्ट. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत अनुसूचित जातीच्या आणि लहान शेतकऱ्यांना ठरावीक मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते नव्या यंत्रालाच मिळते, आणि पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर हातचे जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मळणी यंत्रावरील जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. वरच्या हिशेबात हे आकडे घाला. अनेकांचा निर्णय बदलेल. विद्यार्थी मित्रहो, ऑनलाइन अर्ज भरण्याचे आणि हा हिशेब मांडून दाखवण्याचे काम तुमचे. घरच्यांना फक्त किंमत दिसते. वर्षाचा खर्च तुम्ही दाखवा.

शेवटी, सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी. यंत्र नवे असो वा जुने, हा चौथा भाग बाजूला ठेवणारा गटच टिकतो. आमच्या त्या सभासदाच्या दवाखान्याचा खर्च करायला आमच्याकडे तो चौथा भाग नव्हता, वर्गणी काढावी लागली. आपल्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे बोललो.

जय भीम! जय भारत!