खेळाडूंची निवड आणि चाचणीचा भरवसा
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही क्रीडातज्ज्ञ नाही. बँकेत कारकुनी करतो, शिक्षण कला शाखेचे. तरीही मंडळाने हा विषय आमच्याकडे दिला, कारण गेल्या वर्षी मुलांची निवड करताना घड्याळ आमच्या हातात होते आणि चूकही आमच्याच हातून झाली. ती आधी सांगून टाकतो.

रग्बीसाठी मुले निवडायची होती. हा खेळ बारामती-इंदापूरकडे नवा. पण कबड्डीत पकड करणाऱ्या पोराला अंगावर येणाऱ्याला अडवायचे कसे हे वेगळे शिकवावे लागत नाही. सात जणांचा संघ, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. 2016 पासून हा सात जणांचा प्रकार ऑलिंपिकमध्येही आहे. आम्ही तीस मीटर धावण्याची चाचणी घेतली. तेरा वर्षांच्या एका मुलाला 5.3 सेकंद लागले. नाव कापले, यादी गेली. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा सहज म्हणून इतरांबरोबर धावला, तर 4.9! आठ दिवसांत मुलगा बदलला नव्हता. पहिल्या दिवशी पावसाने काळी माती चिकट झाली होती, तो अनवाणी होता, लांबून सायकल हाणत आला होता आणि त्याचा नंबर सर्वांत शेवटी लागला. शिवाय तोवर आमचा अंगठाही थकला असणार. यादी काही परत आली नाही, आणि मुलगाही मैदानावर परत आला नाही. त्याची आई एकदा बँकेत आली, पासबुक भरून घेतले, खेळाविषयी एक शब्द बोलली नाही.

बँकेत नोटांची गड्डी दोनदा मोजल्याशिवाय आम्ही पुढे सरकवत नाही. लेकराला मात्र एकदाच मोजले.

चाचणीचा भरवसा म्हणजे काय, तर तेच मूल, तीच रीत, तर उत्तरही जवळजवळ तेच यावे. पण भरवसा आणि खरेपणा या दोन गोष्टी आहेत. बाजारातला एखादा काटा दर वेळी पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो एकसारखा आहे, खरा नाही. हाताच्या घड्याळाचे तसेच. पळणारा सुटला हे डोळ्याला दिसून अंगठा दाबेपर्यंत वेळ जातो, म्हणून हाताची वेळ विजेच्या यंत्रापेक्षा कमी भरते. शंभर मीटरच्या हाताने घेतलेल्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून तुलना करण्याची पद्धत ॲथलेटिक्समध्ये रूढ झाली ती यामुळेच. सर्वांनाच तेवढी सूट मिळाली तर अन्याय नाही. पण एकाला एका अंगठ्याची आणि दुसऱ्याला दुसऱ्या अंगठ्याची मिळाली, तर तीस मीटरमध्ये निवड आणि नापसंती यांतले अंतरच पुसले जाते.

दमाची चाचणीही अशीच. वीस मीटरच्या दोन रेघांमध्ये आवाजाच्या तालावर येरझाऱ्या घालायच्या. सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरला आणि दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वाढ. चाचणी चांगली आहे. मात्र वीस मीटर हे पावलांनी मोजलेले नकोत, टेपने मोजलेले हवेत. सकाळी सातला धावलेल्या मुलाची तुलना दुपारी दोनला ऊन खात धावलेल्याशी करू नये. आणि मुलांना एकदा तरी सराव द्यावा, नाहीतर दम मोजला न जाता गोंधळ मोजला जातो.

कौशल्याची चाचणी सर्वांत अवघड. धावता धावता डाव्या आणि उजव्या बाजूला चेंडू देऊन टांगलेल्या टायरमधून पाठवायचा, असे आम्ही करून पाहिले. तीन चेंडूंत नशीबच जास्त दिसते. दोन्ही बाजूंना दहा-दहा दिले की मूल दिसू लागते. पकडीला गुण देताना दोन परीक्षकांनी एकमेकांची वही न बघता लिहावे. दोघांच्या गुणांत फार अंतर पडले, तर दोष मुलात नाही, आपल्या मोजपट्टीत आहे.

वाढीचाही विचार हवा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. एकाच वयाच्या दोन मुलांत एक मिशी फुटलेला आणि दुसरा अजून लेकरू असतो. आज हरलेला उशिरा वाढणारा असेल. त्याला सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

हा सगळा खटाटोप आपल्या मंडळाने का करावा? पालवणकर बाळू आठवा. चर्मकार समाजातला हा गोलंदाज पुण्यात युरोपियनांच्या क्लबच्या खेळपट्टीची निगा राखत मोठा झाला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. बळी मोजता येतात, ते कोणाला नाकारता आले नाहीत. कप्तानपद मोजायचे नव्हते, द्यायचे होते. जिथे मोजमाप ढिले, तिथे ओळख, आडनाव आणि वशिला आत शिरतो. आपल्या मुलांकडे वशिला नाही. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण आहेत, नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तिथे आपले मूल उभे राहील, तेव्हा स्वतःचा खरा आकडा त्याला आधीपासून ठाऊक असलेला बरा. तथागतांनी धम्मालाही एहिपस्सिको म्हटले, या आणि पाहा. मग आमच्या घड्याळाला कोणी तपासू नये असे कसे म्हणावे?

आता कामाचे. येत्या दोन रविवारी सकाळी सात वाजता चाचणी आहे. दोन्ही रविवारी यायचे. प्रत्येकाला तीन घड्याळे लावू आणि मधली वेळ लिहू. पाऊस झाला तर चाचणी पुढे जाईल. सर्वांनी अनवाणी धावायचे, बूट असलेल्यांनीही. पोटात काहीतरी घालून या. केळी मंडळ देईल. आकड्यांची वही विहाराच्या ग्रंथालयात राहील, कोणीही पाहावी. गेल्या वर्षीच्या त्या मुलाच्या घरी आम्ही शनिवारी संध्याकाळी स्वतः जाणार आहोत. तो येईलच असे सांगता येत नाही.

जय भीम.