फोटोला सोन्याचं पाणी : घरच्या घरी गोल्ड टोनर

मागच्या भागात आपण मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेट लावलं आणि गच्चीतल्या उन्हात सॉल्ट प्रिंट काढला. आता साहजिक प्रश्न : हा टिकणार किती?

घरातली चांदीची समई काळी पडते ना? हवेतल्या गंधकाचा तो प्रताप. प्रिंटमधली चांदीही तीच, फक्त कण फार बारीक. त्यामुळे प्रिंट काळा पडत नाही, पिवळा होऊन विरत जातो. सोन्याला हा रोग नाही. टोनरमध्ये काही चांदी निघून जाते आणि तिच्या जागी सोनं बसतं.

ही युक्ती जुनीच. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली, भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्या काही दशकांत अल्ब्युमेन प्रिंटला सोनं देणं हा नेहमीचा रिवाज झाला. जुन्या फोटोंचा जांभळट तपकिरी रंग त्यातूनच येतो.

आता कृती. ४०० मिली कोमट डिस्टिल्ड पाण्यात ६ ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, विरघळवा. त्यात एक टक्क्याचं गोल्ड क्लोराइड १२ मिली घाला. (१ ग्रॅम गोल्ड क्लोराइड, एकूण १०० मिली द्रावण, झालं एक टक्का.) वरून ४०० मिली थंड डिस्टिल्ड पाणी. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं. स्टीलचा चमचा घातलात तर सोनं चमच्यावरच बसायला लागेल!

खर्चाची धास्ती वाटते? त्या १२ मिलीत शुद्ध सोनं साधारण ६० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गुंज.

क्रम चुकवू नका. आधी नळाखाली धुवा. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे उरलेलं सिल्व्हर नायट्रेट दुधाळ होऊन निघतं. दुधाळपणा गेला की मगच टोनर, ट्रे हलवत पाच ते दहा मिनिटं. मग हायपो, आणि शेवटी भरपूर धुणं.

टोनरमध्ये विटकरी रंग आधी तपकिरी, मग जांभळट, मग निळसर होत जातो. पण इथे एक हिशेब आहे : सोन्याचा एक अणू बसताना चांदीचे तीन जातात. म्हणून प्रिंट फिका होतो, हायपोत आणखी उतरतो. तेव्हा उन्हातून काढताना तो हवा त्यापेक्षा गडदच काढायचा. किती गडद, ते छोट्या पट्ट्यांवर ठरवा आणि मागे पेन्सिलीने मिनिटं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, कोड डीबग करतो तसं. टोनर मंदावला की गोल्ड क्लोराइड थोडं वाढवा.

आता नीट ऐका. इंटरनेटवर बघून जुनी अंगठी अम्लराजात विरघळवायच्या भानगडीत पडू नका. त्यातून निघणारा क्लोरीन आणि तपकिरी धूर फ्लॅटच्या बाल्कनीत आवरत नाही. गोल्ड क्लोराइड तयार विकत घ्या. त्यात अमोनिया कधीही मिसळू नका, स्फोटक पदार्थ तयार होतो. हातमोजे घाला, नाहीतर बोटं जांभळी होतील. आणि वापरलेला हायपो बेसिनमध्ये ओतू नका, त्यात चांदी असते. आपल्या सांगवीच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा. त्यांच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलंय. कॅनमध्ये साठवा, चांदी काढून घेणाऱ्याकडे द्या.

या रविवारी एवढं करा : एकच प्रिंट मधोमध कापा. अर्धा टोनरमध्ये, अर्धा थेट हायपोत. दोन्ही सारखेच धुवा आणि एकाच भिंतीवर लावा. एक पावसाळा जाऊ द्या. मग सोनं कशाला, हे मला विचारावं लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात!