पाळण्याभोंवतालची खरेदी



घरांत पहिलें मूल व्हावयाचें असलें म्हणजे सल्ला देणारांची वाण आपल्याकडे कधींच पडली नाहीं. अलीकडे त्यांत दुकानदारांची भर पडली आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत बालकांच्या वस्तूंचें एखादें मोठें दुकान पाहावें. पाळणे, ढकलगाड्या, उशा, गाद्या, दुधाच्या बाटल्या, त्या बाटल्या वाफवण्याचीं यंत्रें, ओले रुमाल कोमट ठेवण्याच्या पेट्या, बाळाचें रडणें शेजारच्या खोलींत ऐकवणारीं उपकरणें, आणि ज्या मुलाला अजून मानहि धरतां येत नाहीं त्याच्यासाठीं नाडीचे बूट! विक्रेता मोठ्या आपुलकीनें एक छापील यादी हातीं देतो. ती वाचतांना प्रथम मनांत येतें कीं, हें सर्व नसतांना आपण स्वतः कसे वाढलों? परंतु लगेच दुसरा विचार येतो कीं, पहिलेंच मूल आहे, उगाच कांहीं उणें कशाला ठेवावें? त्या दुकानाचें भाडें या दुसऱ्या विचारांतून निघतें.

या यादीबद्दलच आज मी चार शब्द सांगणार आहें. तिच्यांतील बहुतेक वस्तूंवांचून बाळाचें कांहीं अडत नाहीं. कांहीं वस्तू तर घरांत नसलेल्या बऱ्या. आणि दोनतीन मात्र अशा आहेत कीं, तेथें हात आखडता घेऊं नये. दुर्दैवानें आपण नेमकें उलट करतों.

आपल्या आज्यांच्या वेळीं यादी नव्हती असें नाहीं. बाळंतविडा ही यादीच होती. झबलीं, टोपडीं, कुंची, दुपटीं, लंगोट, एखादी गोधडी, असे तिच्यांतले जिन्नस ठरलेले असत आणि त्यांतले पुष्कळसे घरच्या जुन्या लुगड्यांतून निघत. नवजात बालकाला आधीं दुसऱ्या मुलाचें वापरलेलें झबलें घालावयाचें, अशी चाल अजूनहि पुष्कळ घरांत आहे. तिच्यामागची समजूत कांहींहि असो. अनेक धुण्यांनीं खळ आणि कच्चा रंग निघून गेलेलें सुती कापड कोंवळ्या कातडीला मानवतें, हें खरें. मूल जन्मण्यापूर्वीं त्याच्यासाठीं कांहीं विकत आणूं नये, हीहि एक जुनी चाल. आजच्या तरुणांना तींत अंधश्रद्धा दिसते. मला तींत निदान एक सोय दिसते. गरज डोळ्यांना दिसूं लागल्यावर वस्तू आणली कीं चुकीची वस्तू घरांत येण्याचा संभव कमी होतो.

अशीच एक यादी फार दूरच्या एका देशानें सरकारी रीतीनें केली. फिनलंडमध्यें १९३८ सालापासून गरीब मातांना बाळाच्या कपड्यालत्त्यांची एक पेटी सरकारांतून मिळूं लागली. १९४९ सालापासून ती गरीब-श्रीमंत सर्वांना खुली झाली. मात्र गर्भारपणाच्या पहिल्या कांहीं महिन्यांतच आईनें वैद्यकीय तपासणी करून घेतली पाहिजे, अशी अट होती. पेटींत कपडे, पांघरुणें, लंगोट आणि एक पातळशी गादी. गादी पेटीच्या तळाशीं घातली कीं त्या पुठ्ठ्याच्या खोक्याचाच बाळाला पहिला बिछाना होतो. माझ्या मतें त्या योजनेंतील खरें शहाणपण वस्तूंपेक्षां त्या तपासणीच्या अटींत आहे. पण तो विषय निराळा. आपल्यापुरतें पाहण्यासारखें हें कीं, बाळाला काय लागतें याचा विचार विकणाराखेरीज दुसऱ्या कोणीं केला म्हणजे यादी किती आटोपशीर होते.

मी स्वतः वस्तू पाहतांना एकच प्रश्न विचारतें. ही कोणासाठीं? मुलासाठीं, मूल सांभाळणाराच्या हातांसाठीं, कीं बारशाला येणाराच्या डोळ्यांसाठीं? पहिलीं दोन उत्तरें आलीं तर खर्चास हरकत नाहीं. आईची सोय म्हणजे चैन, असें मानणाऱ्या जुन्या मंडळींशीं माझें मुळींच जमत नाहीं.

प्रथम झोंपेचें घेऊं. बाळाला सपाट, घट्ट गादी पाहिजे आणि त्या गादीवर बाळाखेरीज कांहीं नको. मऊ उशा, लोकरीचीं खेळणीं, कठड्याला आंतून बांधण्याच्या गुबगुबीत झालरी, हें सर्व छायाचित्रांत गोड दिसतें. पण त्यांत नाकतोंड दबून श्वास कोंडण्याचें भय असतें. बाळाला पाठीवर निजवा, असा प्रचार ब्रिटनमध्यें १९९१ सालीं व अमेरिकेंत १९९४ सालीं सुरू झाला आणि झोंपेंत अचानक दगावणाऱ्या बालकांची संख्या पुढील कांहीं वर्षांत दोन्ही देशांत निम्म्याहून खालीं आली. त्यासाठीं कोणतीहि वस्तू विकत घ्यावी लागली नाहीं. त्या कठड्याच्या झालरी विकण्यास अमेरिकेनें २०२२ सालीं कायद्यानेंच बंदी केली. आपल्याकडे त्या पाळण्याबरोबर मोठ्या कौतुकानें मिळतात.

येथें मोहरीच्या उशीचा प्रश्न निघतो, आणि त्यावरून सासूसुनांची धुसफूस होते. सासूबाईंची काळजी खोटी नसते. एकाच बाजूला निजून डोकें चपटें होऊं नये, एवढाच त्यांचा हेतु. परंतु एक वर्षाच्या आंत उशी नको, असेंच आज बालवैद्य सांगतात. डोक्याच्या गोलाईसाठीं बाळ जागें असतांना त्याला दिवसांतून थोडा थोडा वेळ, आपल्या डोळ्यांदेखत, पोटावर पडूं द्यावें. झोळीचेंहि तसेंच. रडणारें मूल झोळींत शांत होतें, यांत शंका नाहीं. पण तिच्यांत हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोंप लागल्यावर त्याला उचलून सपाट बिछान्यावर ठेवावें.

आतां ज्या वस्तूचा मला खरोखर राग येतो तिच्याकडे येतें. चार-सहा चाकांच्या चौकटींत मधोमध कापडी बैठक, तींत सात-आठ महिन्यांचें मूल लोंबतें ठेवावयाचें आणि तें पायानें रेटून घरभर फिरतें, ती ही वस्तू. बाजारांत तिला वॉकर म्हणतात. बारशापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत ही हटकून कोणीतरी भेट आणतो. मूल लवकर चालूं लागेल, अशी देणाराची समजूत असते. ती समजूत चूक आहे. चालणें म्हणजे स्वतःचा तोल स्वतः सांवरणें. येथें तोल चौकट सांवरते आणि मूल नुसतें बोटांच्या टोंकांनीं रेटतें. त्यांत बसलेलें मूल एका सेकंदांत तीन फुटांहून अधिक अंतर तोडूं शकतें. म्हणजे आई ओट्यापाशीं वळून पाहीपर्यंत तें जिन्याच्या तोंडाशीं, इस्त्रीच्या लोंबत्या वायरीपाशीं किंवा जमिनीवर निवत ठेवलेल्या आमटीच्या पातेल्यापाशीं पोहोंचलेलें असतें. कॅनडानें २००४ सालीं या वस्तूच्या विक्रीवर सरसकट बंदी घातली. तेथील घरांत निदान पातेलीं जमिनीवर नसतात.

आणि गंमत अशी कीं, आपल्याकडे याहून पुष्कळ शहाणी वस्तू होती व अजून मिळते. आपला लाकडी पांगुळगाडा! तीन चाकें आणि धरावयाला एक आडवा दांडा. मूल त्याच्या मागें स्वतःच्या पायांवर उभें राहतें, दांडा धरतें, ढकलतें, धपकन बसतें, पुन्हां उठतें. वजन त्याचें, तोल त्याचा आणि वेगहि त्याच्या बेताचा. लक्ष तेथेंहि ठेवावें लागतेंच. परंतु तो गाडा मुलाला उभें राहतां येऊं लागल्याखेरीज उपयोगाचाच नाहीं, हा त्याचा मोठा गुण. भेट देणाराला वॉकर परत करणें अवघड जातें. मी म्हणेन, परत करावा. दुकानदार बदलून दुसरें कांहीं देतो.

याच्या उलट, जेथें आपण पैसे वांचवतों आणि वांचवूं नयेत, अशी एक वस्तू आहे. ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांनीं बाळाला बसवण्याचें पट्ट्यांचें आसन, म्हणजे कार-सीट, मूल जन्मण्यापूर्वींच आणावें. जुन्या चालीला अपवाद करावयाचा तर तो येथें. दहा-बारा लाखांची गाडी घेतांना जें कुटुंब मागेंपुढें पाहत नाहीं तेंच दहा हजारांच्या आसनापाशीं अडतें आणि म्हणतें, "आईची मांडी असतांना हें कशाला?" थोडा हिशेब करूं. ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरांत थांबली, असें धरा. त्या क्षणीं पांच किलोंचें मूल आईच्या हातांतून जवळजवळ शंभर किलोंच्या ओढीनें सुटूं पाहतें. शंभर किलोंचें पोतें अवचित हातांत आलें तर तें कोण धरून ठेवील? या वेगानें आदळणें म्हणजे सुमारें दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खालीं पडण्यासारखें आहे. शिवाय आईनें पट्टा लावला नसेल तर तिचाच भार मुलावर येतो. मांडीची माया खरी. पण तेथें मायेचें कांहीं चालत नाहीं.

आपल्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्यानें अथवा अशा आसनानें बांधणें आवश्यक केलें आहे. न केल्यास एक हजार रुपये दंड आहे. आसन मागच्या बैठकीवर बसवावें, तान्ह्या मुलाचें तोंड गाडीच्या मागच्या बाजूस असावें, आणि जिच्या समोर एअरबॅग आहे अशा पुढच्या जागेवर तें कधींहि ठेवूं नये. पैसे देण्यापूर्वीं तें आपल्या गाडींत बसवून पाहावें; कांहीं गाड्यांचे पट्टे आंखूड पडतात. ज्यांच्या घरीं स्कूटर आहे त्यांच्यासाठीं २०२२ सालीं वेगळे नियम झाले : चार वर्षांखालील मुलाला चालकाशीं जोडणारा पट्टा, डोक्याला मापाचें शिरस्त्राण आणि वेग ताशीं ४० किलोमीटरांच्या आंत. अगदीं तान्हें मूल स्कूटरवर नेऊंच नये.

दुसरी वस्तू दोनतीनशें रुपयांची आहे, तापमापक. आपण कपाळाला हात लावून ताप ठरवतों. मोठ्या माणसाचें तसें निभावतें. परंतु तीन महिन्यांखालील बालकाचा ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, झाला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांकडे गेलें पाहिजे, आणि ही रेषा हाताला कळत नाहीं. विजेच्या घटावर चालणारा साधा तापमापक घ्यावा, पाऱ्याचा नको.

दुधाच्या बाटल्यांविषयीं फार बोलत नाहीं. पहिले सहा महिने आईचें दूध पुरतें, वरचें पाणीहि लागत नाहीं. १९९२ च्या कायद्यानें आपल्या देशांत बाटल्यांच्या आणि आईच्या दुधाऐवजीं देण्याच्या भुकटीच्या जाहिरातीला बंदी आहे, ती उगाच नव्हे. बाटलीच कां, आपलें चांदीचें बोंडलेंहि त्याच दोषाचें. त्याच्या नळींत काय सांचलें आहे तें दिसत नाहीं. वरचें दूध देणें भागच पडलें तर उकळून घेतलेली वाटी आणि चमचा यांच्याइतकें स्वच्छ साधन दुसरें नाहीं. दूध काढून ठेवण्याचा पंप ही मात्र निराळी गोष्ट. नोकरीवर परत जाणाऱ्या आईला तो फार उपयोगी पडतो. पण जिला २६ आठवड्यांची रजा आहे तिनें तो पहिल्याच आठवड्यांत घेण्याची घाई कशाला करावी?

लंगोटांचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. एकदां वापरून टाकण्याचा लंगोट दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला सहा धरले तर वर्षाचे २१,९०० रुपये होतात. कापडी लंगोट स्वस्त खरे. पण मुंबईच्या जुलै महिन्यांत दोन खोल्यांच्या घरांत तीन डझन लंगोट वाळवून दाखवा, म्हणजे कापडाचे गोडवे गाणारांचा आवाज खालीं येईल. दिवसा घरांत कापडी, रात्रीं व प्रवासांत तयार, असा मध्यममार्ग बहुतेक घरांना परवडतो.

ढकलगाडी घेण्यापूर्वीं आपल्या फाटकापासून बागेपर्यंत एकदां पायीं जाऊन यावें. पदपथ सलग असेल, इमारतीला उद्वाहक असेल, तर अवश्य घ्यावी. नसेल तर ती दाराआड उभी राहते आणि तिच्यावर छत्र्या वाळतात.

आप्तेष्ट विचारतात, "बारशाला काय आणूं?" आपण भिडेनें म्हणतों, "कांहीं नको हो!" आणि मग सहा महिन्यांच्या मापाचे अकरा झगे येतात. त्यापेक्षां स्पष्ट सांगावें. आत्याबाईंनीं महिनाभर पोळ्या करणाऱ्या बाईंचा पगार द्यावा. काकांनीं आठवड्यांतून दोनदां डबा पाठवावा. मावशीनें दुपारीं दोन तास येऊन बाळाजवळ बसावें, म्हणजे बाळंतीण तेवढी निजेल. या मागणीचा संकोच वाटतो, हें मी जाणतें. परंतु न निजलेल्या आईची उणीव कोणत्याहि यंत्रानें भरून निघत नाहीं.

शेवटीं वापरलेल्या वस्तूंविषयीं. कपडे, गाडी, आंघोळीचा टब, पांगुळगाडा हीं दुसऱ्याकडचीं मिळालीं तर आनंदानें घ्यावीं, धुऊन उन्हांत ठेवावीं. कार-सीट मात्र ओळखीच्या घरचीच घ्यावी. ती अपघातांत सांपडलेली नाहीं याची खात्री असावी, आणि तिच्यावर छापलेली मुदत वाचावी. मऊ पडलेली गादी कोणाची घेऊं नये. आपलें मूल मोठें झालें म्हणजे या वस्तू माळ्यावर टाकूं नयेत. इमारतींत चौकशी करावी. वरच्या नाहींतर खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरीं डोहाळेजेवणाची तयारी चाललेली असतेच.